लाऊंजमधला पेग खरंच फुकट असतो का? क्लब रूम, स्टेटस आणि बिलाचा हिशेब

मध्यंतरी मावसभावाचा फोन आला. मुंबईत मित्राच्या लग्नाला चालले होते दोघं, हॉटेलचं बुकिंग करत होता. ‘‘दादा, साध्या खोलीपेक्षा क्लब रूमला चार हजार जास्त सांगतायत. लाऊंजमध्ये संध्याकाळी ड्रिंक्स फ्री आहेत म्हणे. घेऊ का?’’

मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. साध्या खोलीत नाश्ता धरलाय का? तुम्हा दोघांपैकी घेतं कोण? आणि संध्याकाळी सहा ते आठ तुम्ही हॉटेलात असणार का? नाश्ता धरलेला होता. वहिनी घेत नाहीत. आणि सहा वाजता रिसेप्शन. ‘‘मग चार हजार वाचव, अहेरात घाल,’’ म्हटलं.

कामानिमित्त वर्षातल्या बऱ्याच रात्री हॉटेलात जातात, त्यामुळे असे फोन मला नेहमी येतात. लाऊंज म्हणजे हॉटेलातली ठरावीक पाहुण्यांसाठीच राखलेली बसायची जागा, जिथे नाश्ता, चहा आणि संध्याकाळचं खाणं-पिणं वेगळे पैसे न देता मिळतं. ही चांगली सोय आहे, मी ती मनापासून वापरतो. पण ‘फ्री’ हा शब्द ऐकला की आपण हिशेब करायचं थांबतो, आणि पैसे तिथेच जातात. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

आधी बाहेरच्या बारमधला पेग समजून घ्या

लाऊंजमध्ये जे ‘फुकट’ मिळतं त्याची किंमत कळायची तर खालच्या मजल्यावरच्या बारचं बिल वाचता आलं पाहिजे. ते बहुतेकांना येत नाही, कारण मेन्यूवर एक आकडा असतो आणि बिलावर दुसरा.

आपल्याकडे मोजमाप सोपं आहे. स्मॉल म्हणजे ३० मिली, लार्ज म्हणजे ६० मिली. ७५० मिलीच्या बाटलीत २५ स्मॉल बसतात. वाइनचा ग्लास साधारण १५० मिलीचा, म्हणजे बाटलीत पाच. समजा एखादी बाटली हॉटेलला तीन हजारांना पडली, तर स्मॉल पेग त्यांना १२० रुपयांना पडला. मेन्यूवर तोच ५०० रुपयांना असेल, तर त्या फरकात बारमनचा पगार, काचेचे ग्लास, बर्फ, परवान्याची फी, समोरचा समुद्र आणि नफा, सगळं आलं. यात लबाडी काही नाही. तुम्ही दारूचे कमी आणि जागेचे जास्त पैसे देत असता. ताजमहाल पॅलेसमधला हार्बर बार १९३३ पासून आहे, मुंबईतला तो पहिला परवानाधारक बार. तिथे बसून एक पेग घ्यायचा असेल तर मी आनंदाने पैसे देईन, आणि कुठल्याही लाऊंजमधल्या चार फुकट पेगांशी त्याची तुलना करणार नाही. पण निर्णय किंमत माहीत असताना घेतलेला असावा, एवढंच.

आता कर. पिण्याच्या दारूवर जीएसटी नाही, ती राज्याच्या ताब्यात आहे. महाराष्ट्रात परमिट रूम आणि बारमधल्या मद्यावरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. चार तारे आणि त्यावरच्या हॉटेलांत मात्र तो आधीपासूनच २० टक्के आहे. म्हणजे मेन्यूवर ८०० चा लार्ज असेल तर बिलात ९६० होतात. शिवाय जून २०२५ मध्ये राज्याने देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिप्पटीवरून साडेचारपट करायचं ठरवलं. ते शुल्क बिलात वेगळं दिसत नाही, मेन्यूच्या आकड्यातच मुरलेलं असतं.

त्याच टेबलावरचा चकणा, मोसंबी ज्यूस, मॉकटेल यांवर मात्र जीएसटी. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटला तो १८ टक्के लागतो. म्हणून बिलात दोन भाग येतात, एक खाण्याचा आणि एक मद्याचा. दोन्ही वाचा. न पिणाऱ्यांनी तर जास्तच नीट वाचा, कारण ४५० चं मॉकटेल करासकट ५३१ ला पडतं. बिलात न पिणाऱ्याच्या खर्चाकडे कोणी बघत नाही, तो मात्र सहज हजारावर जातो.

पाण्याचंही सांगतो. हॉटेलात आणि रेस्टॉरंटमध्ये बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ‘एमआरपी तर वीस रुपये आहे’ हा वाद घालू नका. ‘साधं पाणी द्या’ म्हणा. खोलीतही टेबलावरच्या कुठल्या बाटल्या फुकट आहेत आणि कुठल्या पैशाच्या, ते बाटलीच्या गळ्यातला कागदी टॅग वाचून ठरवा.

राहिला सर्व्हिस चार्ज. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की तो बिलात आपोआप लावता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना योग्य ठरवल्या. बिलात दिसला आणि द्यायचा नसेल तर कॅप्टनला शांतपणे ‘सर्व्हिस चार्ज काढून बिल आणा’ एवढंच सांगायचं. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सेवा आवडली असेल तर ज्या मुलाने ग्लास आणून दिला त्याच्या हातात टिप द्या, ती त्याला मिळते.

लाऊंजमध्ये आत जायचे रस्ते दोनच

एक म्हणजे क्लब किंवा एक्झिक्युटिव्ह मजल्यावरची खोली पैसे देऊन घेणं. ताज क्लब, ट्रायडेंट क्लब ही नावं त्यातलीच. आपल्याकडच्या जुन्या हॉटेल-साखळ्यांत लाऊंज बहुतेक करून खोलीच्या प्रकाराशी बांधलेलं असतं.

दुसरा रस्ता स्टेटसचा. त्याच साखळीत वर्षभरात ठरावीक रात्री राहिलात की तुमचं कार्ड वरच्या पायरीवर जातं आणि साधी खोली घेऊनही लाऊंज उघडतं. इथे सगळ्यात मोठा गैरसमज ‘गोल्ड’ या शब्दाचा आहे. मॅरियट साखळीच्या ‘बॉन्व्हॉय’ या सदस्य-योजनेत सिल्व्हर १० रात्रींना, गोल्ड २५, प्लॅटिनम ५०, टायटॅनियम ७५. लाऊंज प्लॅटिनमपासून सुरू होतं. गोल्डला नाश्ता नाही आणि लाऊंजही नाही. त्याला जागा असेल तर थोडी बरी खोली आणि दुपारी दोनपर्यंतचा चेक-आउट मिळतो. गोल्डचं कार्ड दाखवून लाऊंजच्या दारात अडवले गेलेले, बायकोमुलांसमोर ओशाळलेले लोक मी पाहिलेत. वाईट वाटतं, कारण चूक त्यांची नसते. नीट सांगितलेलंच नसतं कोणी.

प्लॅटिनमलाही सगळीकडे दार उघडं नसतं, हे पुण्यातच दिसतं. सेनापती बापट रस्त्यावरच्या जेडब्ल्यू मॅरियटमध्ये प्लॅटिनम सदस्य आणि सोबत एक जण लाऊंजमध्ये जाऊ शकतात. येरवड्याच्या रिट्झ-कार्लटनमध्ये, साखळी तीच असूनही, क्लब लाऊंज स्टेटसवर मिळत नाही. तिथे क्लबची खोलीच घ्यावी लागते. आणि फेअरफिल्डसारख्या साध्या ब्रँडमध्ये लाऊंज ही वस्तूच नसते.

बाकीच्यांचं थोडक्यात. वर्ल्ड ऑफ हयातमध्ये ६० रात्रींचं ग्लोबलिस्ट लाऊंज देतं, आणि जिथे लाऊंज नाही तिथे पूर्ण नाश्ता. त्यात खोलीतली दोन मोठी माणसं आणि दोन मुलं धरलेली असतात. कुटुंब घेऊन जाणाऱ्यांसाठी मला हा सगळ्यात दिलदार नियम वाटतो. हिल्टनमध्ये डायमंडला एक्झिक्युटिव्ह लाऊंज मिळतं. अॅकॉरमध्ये, म्हणजे सोफिटेल, नोव्होटेल वगैरे, लाऊंज प्लॅटिनमला आहे, पण वेलकम ड्रिंकचं कूपन सिल्व्हरपासूनच मिळतं. ते चेक-इनला मागावं लागतं आणि त्यावर कुठली पेयं चालतात तेही विचारावं लागतं. आयएचजीमध्ये, म्हणजे हॉलिडे इन, क्राउन प्लाझा वगैरे, ४० रात्री झाल्यावर जी बक्षिसं निवडायला मिळतात त्यात वर्षभराचं लाऊंज सदस्यत्व हा एक पर्याय असतो. तुम्ही ते निवडलं नाहीत तर आपोआप मिळत नाही.

क्लब रूम परवडते का: वहीत मांडून बघा

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या हॉटेलचे तुम्ही घाला.

साधी खोली ११,०००, क्लब १५,०००. फरक चार हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे खरा फरक ४,७२०. आता त्या बदल्यात जोडप्याला काय मिळतं? नाश्ता माणशी ११०० अधिक कर, म्हणजे दोघांचा २,५९६. दुपारचा चहा-कॉफी दोघांची ८२६. संध्याकाळी एकाचे दोन लार्ज, प्रत्येकी ८०० अधिक २० टक्के व्हॅट, म्हणजे १,९२०. दुसऱ्याचे दोन फ्रेश लाइम सोडे ८२६. एखादी प्लेट कबाब ८२६. बेरीज ६,९९४. म्हणजे दोन हजारांवर फायदा.

आता तीच बेरीज, पण साध्या खोलीच्या दरात नाश्ता आधीच धरलेला. २,५९६ वजा केले की उरतात ४,३९८. मोजलेले ४,७२०. तोटा. दोन लार्ज, दोन सोडे, चहा, कबाब सगळं वसूल करूनही तोटा.

लाऊंजचे पैसे ग्लासात नव्हे, नाश्त्याच्या ताटात वसूल होतात, हे मी कायम सांगतो ते यामुळे. म्हणून पहिला प्रश्न नेहमी नाश्त्याचा.

या वहीत आणखी एक ओळ प्रामाणिकपणे लिहावी लागते. लाऊंज नसतं तर हे सगळं तुम्ही खरंच विकत घेतलं असतं का? दुपारची कॉफी तुम्ही कोपऱ्यावरच्या उडप्याकडे चाळीस रुपयांत प्यायला असता, तर वहीत चाळीसच लिहायचे, चारशे तेरा नाही. संध्याकाळी एकच पेग घेणारा माणूस असेल तर एकच लिहायचा. ‘फुकट आहे’ म्हणून तिसरा घेणं म्हणजे वसुली नव्हे. सकाळी डोकं जड झालं की त्याचा हिशेब वेगळा द्यावा लागतो.

कराचा एक सापळा इथे खास सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग खोलीला १८. ही मर्यादा ओलांडली की वाढीव दर पूर्ण रकमेवर लागतो, फक्त वरच्या भागावर नाही. साधी खोली ७,४०० ची असेल तर करासकट ७,७७०. क्लब ९,००० ची असेल तर १०,६२०. पडद्यावर फरक १,६०० चा दिसला, खिशातून २,८५० गेले. मध्यम दर्जाच्या हॉटेलांत, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत, हा सापळा जास्त लागतो. बुकिंग करताना शेवटच्या पडद्यापर्यंत जा, करासकटचे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि मगच बटण दाबा.

बुकिंग कुठून करता त्यावर हक्क ठरतात

स्टेटस असलेल्या लोकांची सर्वात महागडी चूक इथे होते. मेकमायट्रिप, बुकिंग डॉट कॉम अशा ठिकाणांहून घेतलेल्या खोलीवर मोठ्या साखळ्या सहसा रात्रींचं क्रेडिट देत नाहीत, आणि लाऊंज, नाश्ता वगैरे हक्कही द्यायला बांधील नसतात. पाचशे रुपये स्वस्त म्हणून तिथून घेतलं आणि दोघांचा नाश्ता गमावला, असं होतं. साखळीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा अॅपवरून घ्या, सदस्य क्रमांक घाला. कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्ककडून बुकिंग होत असेल तर त्यांना तुमचा क्रमांक एकदाच लिहून द्या आणि कन्फर्मेशनवर तो आलाय का बघा. परिषदेसाठी आयोजकांनी एकगठ्ठा घेतलेल्या, त्यांनीच बिल भरलेल्या खोल्यांवर मात्र बहुतेक वेळा काही मिळत नाही. तिथे वाद घालून उपयोग नाही.

मॅरियटमध्ये तुम्ही स्वतः राहात असाल आणि पैसे तुम्हीच भरत असाल तर तीन खोल्यांपर्यंतच्या रात्री तुमच्या खात्यात धरतात. घरच्या कार्यासाठी तीन खोल्या घेतल्यात तर हे लक्षात ठेवा. लाऊंज मात्र एकाच खोलीला.

ऑगस्ट २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेने मॅरियट बॉन्व्हॉय कार्ड आणलं, त्यावर दरवर्षी १० रात्रींचं क्रेडिट मिळतं. म्हणजे प्लॅटिनमच्या ५० पैकी प्रत्यक्ष ४० राहायच्या. ज्यांची कंपनी त्यांना महिन्यात तीन-चार रात्री बाहेर पाठवते त्यांच्यासाठी हे कार्ड उपयोगी आहे. पण स्वतःच्या पैशाने स्टेटस कमवायला निघू नका. ४० रात्री, रात्रीला ९,००० धरले तरी तीन लाख साठ हजार झाले. तेवढ्या पैशात आयुष्यभराचा नाश्ता घरी मजेत होतो.

चेक-इनच्या काउंटरवर

रांगेत मागे कोणी असलं तरी इथे दोन मिनिटं घ्या. मी हे असं विचारतो:

‘‘लाऊंज चालू आहे ना, आणि संध्याकाळची वेळ काय?’’ काही ठिकाणी साडेपाच ते साडेसात असते, काही ठिकाणी सहा ते आठ. दुरुस्तीसाठी लाऊंज बंद असतं आणि दुसऱ्याच रेस्टॉरंटमध्ये सोय केलेली असते, हेही काउंटरवरच कळतं.

‘‘त्या वेळेत मद्य धरलेलं आहे की त्याचे पैसे वेगळे?’’ हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. विचारा. समोरच्या माणसाला तो दिवसातून वीसदा ऐकायची सवय असते.

‘‘सोबत किती जण चालतील, आणि मुलांचं काय?’’ आईवडिलांना घेऊन गेलात तर दोनाचे चार होतात. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा माणशी दर असतो, तो आधी कळलेला बरा. काही लाऊंजमध्ये संध्याकाळच्या वेळेत लहान मुलांना प्रवेश नसतो.

‘‘वेलकम गिफ्ट काय काय आहे?’’ प्लॅटिनमला मॅरियटच्या बऱ्याच ब्रँडमध्ये पॉइंट, नाश्ता किंवा काहीतरी भेट यांतून निवडता येतं. नाश्ता लाऊंजमध्ये मिळणारच असेल तर नाश्ता निवडून तो वाया घालवू नका, पॉइंट घ्या. लाऊंजच नसेल तर उलट करा.

‘‘उद्या चारपर्यंत थांबता येईल का, आणि तोवर लाऊंज वापरता येईल का?’’ प्लॅटिनमचा दुपारी चारचा चेक-आउट हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा हक्क आहे, पेगपेक्षा कितीतरी जास्त. रात्रीचं विमान असलं की सामान खोलीत, दुपारची डुलकी, वरून चहा. रिसॉर्टमध्ये तो जागा असेल तरच मिळतो, म्हणून गोव्यात आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवतो.

लाऊंजमध्ये बसल्यावर

बसण्याआधी एक चक्कर मारा. मांडलेल्या बाटल्या दिसतात, म्हणजे काय धरलेलं आहे ते डोळ्यांना कळतं. साधारणपणे एक-दोन बिअर, लाल-पांढरी एकेक वाइन, आणि व्हिस्की, रम, जिन, व्होडका यांचा एकेक नेहमीचा ब्रँड. महाराष्ट्रात वाइन बऱ्याचदा नाशिकची असते, आणि ती चांगली असते. परदेशीच हवी म्हणून अडून बसू नका.

ब्रँडचं नाव घेऊन ऑर्डर देऊ नका. मी एकदा दिली होती. बंगळूरच्या एका हॉटेलात, पाहुणे सोबत, बोलण्याच्या ओघात एका सिंगल माल्टचं नाव घेतलं. वेटरने ‘शुअर सर’ म्हणून आणून दिलं. ते यादीत नव्हतं. सकाळी बिलात दोन लार्ज आणि त्यावरचा कर. दुसऱ्या एका हॉटेलात दुसरा ग्लास आठ वाजून पाच मिनिटांनी आला, वेळ आठला संपत होती, तोही बिलात. त्या वेळी चीड आली, पण दोन्ही वेळा नियम त्यांच्या बाजूने होता. त्यांनी एक वाक्य सांगायला हवं होतं हे मात्र मी आजही म्हणेन. तेव्हापासून मी म्हणतो, ‘‘तुमच्या कॉम्प्लिमेंटरीमध्ये व्हिस्की कुठली आहे? तीच द्या.’’ आणि घड्याळाकडे बघून शेवटची ऑर्डर वेळ संपायच्या पंधरा मिनिटं आधी देतो.

वेटरने काही सही करायला आणलं तर रक्कम बघा. कॉम्प्लिमेंटरी पेयांवरही काही ठिकाणी नोंदीसाठी शून्य रकमेच्या स्लिपवर सही घेतात, ते ठीक. आकडा असेल तर सहीआधी विचारा. सही केल्यावर सकाळी वाद घालणं तिप्पट कठीण जातं.

कायदा लाऊंजच्या दारातही लागू असतो. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला वयाची अट २१, बाकी मद्याला २५. परवानाही लागतो. ‘परमिट रूम’ हा शब्दच त्या परवान्यावरून आला. एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभर, आजन्म हजार रुपयांना मिळतो. आजन्म परवाना काढून ठेवणं शहाणपणाचं. तेवीस वर्षांच्या मुलाला घेऊन बसलात आणि वेटरने व्हिस्की द्यायला नकार दिला, तर तो त्याचं काम नीट करतोय.

ड्राय डे असेल तर लाऊंजमधलं मद्यही बंद. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे सगळ्यांना माहीत असतात. मतदान लोक विसरतात. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदान संपायच्या आधीचे ४८ तास मतदारसंघात विक्री आणि वाटप बंद असतं. त्या दिवशी क्लब रूमचे पूर्ण पैसे देण्यात अर्थ नाही. बुकिंगच्या वेळीच दर कमी करून मागा किंवा साधी खोली घ्या. अहमदाबाद-वडोदऱ्याला कामाला जाणाऱ्यांसाठी तर वर्षभर हाच हिशेब. गुजरातच्या लाऊंजमध्ये संध्याकाळी चहा, सरबतं आणि फरसाणच असणार. तिथली क्लब रूम नाश्त्यावर आणि शांत बसायच्या जागेवरच परवडली पाहिजे.

न पिणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. लाऊंज म्हणजे दारू, असं समजून बाजूला राहू नका. माझी आई सोबत असते तेव्हा आम्ही पाच वाजताच जाऊन खिडकीजवळची जागा घेतो. तिला मसाला चहा ताजा करून देतात, फक्त सांगावं लागतं, कारण मांडलेला असतो तो मशीनचा. गोव्यात कोकम सरबत किंवा सोलकढी विचारून बघा. मांडलेली नसली तरी स्वयंपाकघरात असते आणि बहुतेक ठिकाणी हौसेने आणून देतात. उपवास असेल तर सकाळीच लाऊंजच्या मॅनेजरला सांगून ठेवा, संध्याकाळी फळं आणि सुका मेवा वेगळा काढून ठेवतात. संध्याकाळचं खाणं जेवणाइतकं असेल तर रात्रीच्या जेवणाचे पैसे वाचतात. दोन म्हाताऱ्या माणसांचं पोट त्यात सहज भरतं. डबे भरून खोलीत नेणं मात्र टाळा, बहुतेक ठिकाणी मनाई असते.

परदेशात गेल्यावर

सिंगापूरला मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसतात. पहिलं म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज, दुसरं ९ टक्के जीएसटी, हा दर १ जानेवारी २०२४ पासूनचा. जीएसटी सर्व्हिस चार्ज मिळवून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणून २२ डॉलरचं कॉकटेल आधी २४.२० होतं आणि मग २६.३८. मेन्यूवरच्या आकड्यात पाचवा हिस्सा मिळवा, तोंडी हिशेब बरोबर येतो. थायलंडलाही पद्धत तीच, १० टक्के आणि त्यावर ७ टक्के व्हॅट. अशा शहरांत लाऊंजची संध्याकाळ खरोखर फायद्याची ठरते, कारण बाहेरचं पेय फार महाग आणि आतलं खाणं भरपूर.

अमेरिकेत याच्या उलट. तिथल्या अनेक लाऊंजमध्ये बिअर-वाइन धरलेली नसते. बाटली घ्यायची, कागदावर लिहायची किंवा खोलीच्या नावावर टाकायची. आशियातल्या सवयीने फ्रिज उघडून बाटली उचलली की ती बिलात येते. न्यू जर्सीला मुलाकडे चाललेल्या आणि वाटेत हॉटेलात उतरणाऱ्या काका-काकूंना हे आवर्जून सांगून ठेवा.

निघताना

चेक-आउटच्या रांगेत बिल वाचायला घेऊ नका. आदल्या रात्री दहाच्या सुमाराला काउंटरवर फोन करून ‘‘आत्तापर्यंतचं बिल मेल करा’’ म्हणा, किंवा अॅपमध्ये बघा. तीन ठिकाणी नजर टाका. लाऊंजच्या वेळेतल्या ऑर्डरी चुकून बारच्या नावाने पडल्यात का, मिनीबारच्या नोंदी बरोबर आहेत का, आणि नाश्ता लाऊंजमध्ये केला असूनही रेस्टॉरंटचा लागलाय का. हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त होतो, विशेषतः लाऊंजचा नाश्ता खालच्या रेस्टॉरंटमध्ये दिलेला असेल तेव्हा. रात्रीच्या पाळीचा माणूस निवांत असतो, पाच मिनिटांत दुरुस्त करून देतो. सकाळी आठ वाजता त्याच कामाला अर्धा तास लागतो आणि टॅक्सी खाली थांबलेली असते.

घरी आल्यावर आठवड्याभरात खात्यात रात्री जमा झाल्यात का ते बघा. नसतील तर बिलाची पीडीएफ जोडून, नोंदवायच्या राहून गेलेल्या मुक्कामाची मागणी टाका. त्यासाठी बिलावर सदस्य क्रमांक छापलेला असला तर काम लवकर होतं, म्हणून रात्रीच्या त्या फोनवर तोही एकदा तपासून घ्यायला सांगा.